हाताने शिवलेली गोधडी प्रदर्शनात देण्याआधी तिचे काम कसे पूर्ण करावे?

तुकडे जोडून आपल्या गोधडीचा ६० बाय ८० इंचांचा वरचा थर तयार आहे, आता हातानेच धावदोरा घालून ती परीक्षण असलेल्या प्रदर्शनात द्यायची आहे, आणि इथून पुढे कशाकडे लक्ष द्यावे असे आपण विचारले आहे. मी बरीच वर्षे गोधड्या शिवते आणि त्यांतल्या काही प्रदर्शनांत लागल्या आहेत, म्हणून अनुभवाच्या आधारे लिहिते. अंथरलेली गोधडी आणि टांगलेली गोधडी या दोन निराळ्या वस्तू असतात, हे मला फार उशिरा कळले. पलंगावर गादी गोधडीचे सगळे वजन पेलते आणि तिचे बरेच दोष झाकते; दांडीवर मात्र ते सारे वजन वरच्या काठावर येते, आणि शिवताना कुठे ढिलाई राहिली असेल तर ती खाली उतरून सर्वांच्या नजरेस पडते.

माझी पहिली गोधडी प्रदर्शनात लागली तेव्हा ती माझीच आहे हे ओळखायला मला क्षणभर वेळ लागला. घरी सपाट दिसणारा तिचा खालचा काठ तिथे झालरीसारखा लहरत होता आणि उजवा कोपरा डाव्यापेक्षा दोन बोटे खाली आला होता. परीक्षकांच्या शेऱ्यात रंगसंगतीचे कौतुक होते आणि त्याखाली काठ सरळ नसल्याची एक ओळ होती. घरी आणून पाहिल्यावर कारण सापडले: मधल्या नक्षीवर मी अर्ध्या-अर्ध्या इंचावर धावदोरा घातला होता आणि कडेच्या पट्ट्यांपर्यंत पोहोचेतो कंटाळून चार-चार इंच जागा मोकळी सोडली होती. प्रत्येक टाका कापडाला किंचित आत ओढत असतो, त्यामुळे जिथे टाके दाट तिथे गोधडी आक्रसते आणि जिथे विरळ तिथे कापड जवळजवळ मूळ लांबीचेच राहते. ही जास्तीची लांबी कुठे जाणार? तिच्या लाटा होतात. म्हणून नक्षी कोणतीही निवडा, पण टाक्यांची दाटी काठापर्यंत सारखी राहील अशीच निवडा.

आपल्या वरच्या थराला कडेच्या पट्ट्या लावायच्या असतील तर लांब पट्टी शिवत जाऊन उरलेली कापून टाकण्याची पद्धत कृपया टाळावी, कारण शिवताना पट्टी ताणली जाते आणि काठ तिथेच बिघडतो. थराची लांबी कडेने न मोजता मध्यातून मोजावी, समोरासमोरच्या दोन्ही पट्ट्या त्याच मापाने कापाव्यात आणि मध्य व टोके टाचण्यांनी जुळवून मगच शिवाव्यात. पांढऱ्या कापडामागे अडकलेला एखादा काळा दोरा नंतर कायमचा दिसत राहतो, तेव्हा थर जोडण्यापूर्वी उलट बाजूचे सर्व दोरे वेचून काढावेत.

अस्तर आणि मधले वॅडिंग (दोन कापडांमधला मऊ भराव) चारही बाजूंनी ३ ते ४ इंच मोठे ठेवावे. अस्तर जमिनीवर चिकटपट्टीने बसवताना त्यावर सुरकुती राहू नये, पण ते ताणूही नये. ताणलेले अस्तर पट्टी काढताच आक्रसते आणि मागच्या बाजूला चुण्या पडतात. सुती वॅडिंग धुतल्यावर साधारण ३ ते ५ टक्के आटते. काही सुती वॅडिंगांमध्ये बळकटीसाठी बारीक जाळी असते. मशीनच्या शिलाईला ती चालते, हाताच्या सुईला मात्र अडते, म्हणून विकत घेताना चौकशी करावी. दोन धावदोऱ्यांमध्ये जास्तीत जास्त किती अंतर चालेल हे वेष्टनावर छापलेले असते आणि ते पाळावे लागते. तिन्ही थर कच्च्या दोऱ्याने मध्यापासून बाहेरच्या दिशेने, चार-चार इंचांवर टाचून घ्यावेत. पक्का धावदोराही मध्यापासूनच सुरू करावा, म्हणजे ढिलाई काठाकडे सरकत जाते.

सुई आखूड हवी. ‘बिटवीन’ नावाने मिळणाऱ्या सुयांमध्ये आकडा जितका मोठा तितकी सुई बारीक, आणि नवख्या हाताला ८ किंवा ९ क्रमांक बरा. एका इंचात ८ ते १० टाके वरून दिसले तर काम उत्तम समजतात, पण बारा टाके वेडेवाकडे घालण्यापेक्षा सात सारखे घातलेले बरे, असे माझे स्पष्ट मत आहे. दोऱ्याची गाठ वर दिसता कामा नये. सुरुवातीच्या जागेपासून इंचभर अंतरावर सुई फक्त वरच्या थरातून आणि वॅडिंगमधून नेऊन हव्या त्या जागी वर काढावी आणि दोऱ्याला हलका झटका द्यावा. गाठ कापडाच्या विणीतून आत शिरताना बोटांना एक बारीकसा ‘टक’ जाणवतो, आणि तो जाणवला की गाठ वॅडिंगमध्ये अडकली असे समजावे. शेवटीही कापडालगत गाठ मारून ती तशीच आत ओढावी.

नक्षी आखण्यासाठी पाण्याने जाणारे निळे पेन वापरणार असाल तर रेघा थंड पाण्याने पूर्ण जाईपर्यंत इस्त्री जवळही आणू नये. उष्णतेने त्या पक्क्या होतात. माझ्या एका फिकट गोधडीवर अशा तपकिरी रेघा आजही आहेत.

धावदोरा पूर्ण झाला की लगेच कडा कापण्याची घाई करू नये. गोधडी थंड पाण्यात भिजवावी (गडद रंग सुटतात का हे आधी ओल्या पांढऱ्या फडक्याने तपासलेले असावे), टॉवेलमध्ये दाबून पाणी काढावे आणि स्वच्छ चादरीवर पसरून, हाताने सरळ करत, कडांना टाचण्या लावून तशीच वाळू द्यावी. काटकोन तपासण्यासाठी दोन्ही कर्ण मोजावेत. आपल्या मापाची एक सोय अशी की ६० बाय ८० च्या आयताचा कर्ण नेमका १०० इंच येतो. टाक्यांमुळे माप थोडे घटेल, तरी दोन्ही कर्ण एकमेकांशी जुळलेच पाहिजेत. वाळल्यावर लांब पट्टी आणि गुण्या लावून कडा कापाव्यात.

आता गोट. कापडाची अडीच इंच रुंद पट्टी लांबीत दुमडून दुहेरी लावलेला गोट सर्वांत टिकतो. सरळ काठाला सरळ कापलेली पट्टी पुरते. काठ वळणदार असेल तरच तिरकी, म्हणजे शिंपी जिला क्रॉस पट्टी म्हणतात ती घ्यावी. इथे हिशेबात हमखास चूक होते. आपल्या गोधडीचा घेर २८० इंच, अधिक जोडासाठी १२, म्हणजे २९२ इंच पट्टी हवी. ४२ इंच पन्ह्याच्या कापडातून सात पट्ट्यांत २९४ इंच मिळतात, तेव्हा सात पुरतील असे वाटते. परंतु पट्ट्या तिरक्या जोडाव्या लागतात, प्रत्येक जोडात सुमारे अडीच इंच जातात, आणि सहा जोडांनंतर हातात २७९ इंच उरतात. म्हणून आठ पट्ट्या कापाव्यात. कोपऱ्याच्या पाव इंच अलीकडे शिलाई थांबवून पट्टी आधी वर आणि मग खाली दुमडली की तिरकी घडी आपोआप बसते. ती घडी दोन्ही बाजूंनी बारीक टाक्यांनी मिटवावी. परीक्षक गोट दोन बोटांत धरून चाचपतात, आणि आत वॅडिंग काठापर्यंत भरलेले नसेल तर तो पोकळपणा लगेच बोटांना लागतो.

टांगण्यासाठी मागे कापडाची नळी लागते, आणि बऱ्याच प्रदर्शनांच्या नियमांत तिची रुंदी ४ इंच मागितलेली असते. ९ इंच रुंद पट्टीची दुहेरी नळी करून ती दोन्ही कडांपासून इंचभर आत राहील अशी ५८ इंचांची ठेवावी आणि तिचा वरचा काठ गोटाच्या शिवणीतच धरावा. खालचा काठ तुरपताना नळी अर्धा इंच वर ढकलून घ्यावी, म्हणजे मागे थोडी ढिलाई राहते. ही ढिलाई नसेल तर दांडीची जाडी समोरच्या बाजूला फुगवटा बनून दिसते. तुरपाईचा टाका अस्तर आणि वॅडिंग यांतूनच जावा. वीतभर शिवले की उलटून पाहावे.

गोधडीला दंडकांनी मोजणे सर्वांना मान्य नाही, हेही नोंदवते. १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने गोधड्या चित्रांप्रमाणे भिंतीवर लावल्या, आणि २००२ मध्ये ह्यूस्टनच्या ललित कला संग्रहालयात अलाबामातील जीज बेंड येथील स्त्रियांच्या गोधड्या मांडल्या गेल्या, ज्यांतील अनेकींच्या रेघा आणि काठ मुळात सरळ नाहीत आणि त्या तशाच विलक्षण सुंदर दिसतात. त्यामुळे आपले प्रदर्शन गुण देणारे आहे की कलाकृती निवडणारे, हे आधी पाहून घ्यावे. गुण देणारे असेल तर वरचे सगळे लागू आहे.

मागे नाव, वर्ष आणि कापडाचा प्रकार लिहिलेली चिठ्ठी शिवावी. निनावी परीक्षण असेल तर ती कापडाने झाकून द्यावी. पाठवताना घडी न घालता, धुतलेल्या सुती चादरीसह नळकांड्यावर गुंडाळावी.

पाठवण्यापूर्वी, मुदतीच्या निदान आठवडाभर आधी, गोधडी घरीच दांडीवर दोन दिवस टांगून ठेवावी आणि खालच्या दोन्ही कोपऱ्यांचे जमिनीपासूनचे अंतर मोजावे. फरक अर्ध्या इंचापेक्षा जास्त आला तर प्रथम नळी तिरकी बसली आहे का ते पाहावे. ती सरळ असेल तर गोट उसवून कडा पुन्हा कापायला तेवढे दिवस पुरतात.