किन्त्सुगीतली ‘त्सुगी’

प्रश्न असा आला आहे: ‘मनाच्या जखमा भरून येण्यावर लेख लिहिते आहे. किन्त्सुगीला मराठीत “सुवर्णदुरुस्ती” म्हटलं तर चालेल का?’

नाही चालणार. किन्त्सुगी म्हणजे फुटलेली भांडी जोडून सांध्यांवर सोन्याची पूड भुरभुरण्याची जपानी कला. आणि आधी उच्चार. ‘किनसुगी’, ‘किंटसुगी’ ऐकून कान किटले. जपानी ‘त्सु’ आपल्याला परका नाही. ‘चूल’, ‘चुना’ म्हणताना पहिल्या अक्षराला जीभ जिथे टेकते, तोच हा ध्वनी. रोमी स्पेलिंग वाचायची सवय नडते, दुसरं काही नाही.

‘किन’ म्हणजे सोनं. ते बाजूला ठेवा, कारण सगळं मर्म ‘त्सुगी’त आहे. क्रियापद ‘त्सुगु’. जोडणे हा अर्थ कोणीही सांगेल. पण किन्त्सुगीतली त्सुगी ज्या चिन्हाने लिहितात, त्याच चिन्हाने ‘आतोत्सुगी’ लिहितात, म्हणजे घराण्याचा वारस! ‘हिकित्सुगी’ म्हणजे जाणाऱ्याने येणाऱ्याच्या हाती काम सोपवणं. त्या चिन्हाच्या डाव्या अंगाला धाग्याची खूण असते. तुटलेला धागा पुढे चालू ठेवणं, गादी चालवणं, असा हा ‘त्सुगु’ आहे. ‘दुरुस्ती’त यातलं काय उरतं?

‘सोन्याने सांधण्याची कला’ असं सर्रास छापतात, तेही चूक. सोनं काहीच धरून ठेवत नाही. धरून ठेवतो तो उरुशी, एका झाडाचा चीक. तो गव्हाच्या पिठात कालवून तुकडे चिकटवतात. हे झाड आपल्या बिब्ब्याच्याच कुळातलं, आणि कच्चा चीक अंगाला लागला तर बिब्ब्यासारखाच उततो. तो सुकून घट्ट होत नाही, त्याला दमट हवा लागते. सोन्याची पूड अगदी शेवटी, सांध्यावरच्या ओलसर उरुशीवर भुरभुरतात.

शोगुन (जपानचा लष्करी शासक) आशिकागा योशिमासाच्या फुटक्या चिनी वाडग्यापासून ही कला जन्मली, ही कथाही जाणकार म्हणवणारे बिनदिक्कत सांगतात. तो ‘बाकोहान’ वाडगा तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याच्या तड्यांवर धातूचे आकडे ठोकलेले दिसतात, सोन्याचा कणही नाही. बदलून मिळावा म्हणून चीनला पाठवलेला तो असे आकडे ठोकूनच परत आला, असं 1727 सालच्या टिपणात लिहिलं आहे. कथा सांगण्याआधी वाडगा तरी बघावा!

आता तुमचा शब्द. ‘सुवर्णसंधी’ शब्दशः अचूक बसला असता, संधी म्हणजे मुळात जोडच. पण त्याला दुसरा अर्थ पक्का चिकटला आहे. मी ‘सोनसांधा’ म्हणेन. जखम भरून येते, भांडं भरून येत नाही. पण हाड सांधतं आणि भांडंही सांधतात. जपानीतही हाड बसवण्याला ‘होनेत्सुगी’ म्हणतात. तिथे चिन्ह बहुधा वेगळं लिहितात, पण कानाला येतो तो हाच त्सुगी.