सुतारकामाचा शून्य अनुभव आहे, सोमवारपासून सोलापुरात एका मिस्त्रींच्या हाताखाली लागतोय. आधी कोणती हत्यारं घेऊ?

पाच मीटरचा टेप, दोन पेन्सिली आणि पायात बंद बूट, एवढंच घेऊन जा; ड्रिल किंवा कटर मशीन आत्ता अजिबात घेऊ नका. जुळे सोलापूर भागात घरांच्या फर्निचरची कामं घेतो, त्यामुळे सांगतो: नव्या पोराला पहिले काही महिने मशीन हातात मिळतच नाही. प्लाय वर चढवणं, शीट धरणं, फेविकॉल लावणं, पॉलिश पेपर मारणं आणि संध्याकाळी झाडलोट, हेच काम. मिस्त्री बघतात ते माप. म्हणून रविवारी घरीच सूत शिकून घ्या. एक इंच म्हणजे आठ सूत, म्हणजे एक सूत साधारण 3 मिमी. "सव्वीस इंच तीन सूत" म्हटल्यावर टेपवर बोट लगेच तिथं गेलं पाहिजे. करवतीचं पातंसुद्धा दोन-तीन मिमी लाकूड खातं, त्यामुळे रेघेच्या कोणत्या बाजूनं कापायचं ते विचारूनच कापा. प्लाय वाया गेला की बोलणी तुम्हालाच.

फिरत्या पात्याजवळ हातमोजे घालू नका, अडकून हात आत ओढला जातो. धुळीला मास्क मात्र हवाच, उन्हाळ्यात कितीही नको वाटला तरी.

एक आहे, मिस्त्री चौकटी-दरवाजांचं सागवानी काम करणारे असतील तर पटाशी (लाकूड कोरायची छिन्नी), हातोडी नि गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार) स्वतःचा आण म्हणू शकतात. शनिवारीच फोन करून विचारा, आणि रोज किती देणार तेही तेव्हाच.