युक्रेन युद्ध आणि निर्बंध असूनही २०२२ मध्ये रशियाचा रुबल वर कसा गेला?

गोव्यात मोरजीला आमचं गेस्ट हाऊस आहे. मार्च २०२२ मध्ये एका रशियन जोडप्याचं कार्ड मशीनवर चालेना. व्हिसा-मास्टरकार्डने रशियन बँकांची कार्डं परदेशात बंद केली होती. बाई मोबाईलवर रुबलचा भाव बघून रडवेली झाली होती. युद्धाआधी डॉलरला ७५-८० रुबल पडायचे, ते १२० च्या वर गेले.

जूनअखेर मात्र ५५ च्याही खाली, म्हणजे रुबल युद्धाआधीपेक्षाही महाग! रशियाच्या मध्यवर्ती बँकेने व्याजदर ९.५ वरून थेट २० टक्के केला होता, निर्यातदारांना ८० टक्के परकीय चलन विकणं सक्तीचं झालं. तेल-वायूचे पैसे येतच होते, आयात मात्र आटली. म्हणजे डॉलर भरपूर, घेणारे कमी. माझ्या मते तो भाव बांधून ठेवलेला होता, त्यावरून लोकांचं बरं चाललंय असं समजू नका.