लहान मुलांना घेऊन लाकडी साकव आणि झुलते पूल बघायला कुठे जावं? हे पूल हलतात म्हणजे कच्चे असतात का?

आठ आणि अकरा वर्षांची मुलं आहेत, गावाकडचे लाकडी साकव (म्हणजे ओढ्यावरचे छोटे पूल), झुलते पूल दाखवायचेत, पावसाळ्यात गेलं तर चालेल का, आणि हलणारा पूल म्हणजे कच्चा पूल का, असं तुम्ही विचारलंय. शेवटचा प्रश्न वाचला आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले. हेच वाक्य मी सतरा वर्षांची असताना आमच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, ऐकलंय. माझ्या वडिलांच्या तोंडावर.

पावसाळ्याचं आधी सांगते: नेऊ नका. आता मूळ गोष्ट.

आमचं गाव संगमेश्वर तालुक्यात. आमची वाडी आणि शाळा यांच्या मधून एक पऱ्या, म्हणजे ओढा, जातो, पुढे बावनदीला मिळतो. मे महिन्यात त्यात पाऊल बुडेल एवढंही पाणी नसतं, आणि जुलैत बैल त्यात उतरायला तयार होत नाही. म्हणून दर वर्षी मृगाच्या आधी वाडीतली माणसं मिळून साकव घालायची. घरटी एक माणूस. पुढाकार बाबांचा, त्यांच्या आधी आजोबांचा.

तीस-बत्तीस फुटांचं अंतर. दोन्ही काठांना दगड रचायचे, मधे पात्रात दोन मेढी, म्हणजे खांब, फुलीसारख्या रोवायच्या आणि त्यांवरून पोफळीची (सुपारीच्या झाडाची) खोडं शेजारी शेजारी टाकायची. पोफळीचं खोड बाहेरून टणक आणि आतून भुसभुशीत असतं. ते लवतं, पण खाडकन मोडत नाही. मोडण्याआधी बराच वेळ कुरकुरतं, माणसाला सावध करतं. पाय घसरू नये म्हणून बाबा कोयत्याने वीतभर अंतरावर खाचा पाडायचे. बांधायला केवणीच्या सालीचा वाक, तोही भिजवलेला, कारण ओला बांधला की वाळताना करकचून आवळतो. हाताला धरायला एका बाजूने मेस, म्हणजे लांब सरळ बांबू. खोडांचं एक टोक सुंभाने काठावरच्या आंब्याला बांधून ठेवायचं. मोठा लोंढा आलाच तर साकव मोडून काठाला लागतो, वाहून जात नाही. पाणी उतरलं की पुन्हा घालता येतो.

सगळं झालं की बाबा पाठीवर भाताचं पोतं घेऊन प्रत्येक गाळ्याच्या मधोमध जाऊन उभे राहायचे. खोडं किती लवतात ते आजोबा काठावर उकिडवे बसून बघायचे. आजोबांनी मान हलवली की मगच आम्हा पोरांना सोडायचे. नियम एकच होता: एका वेळी दोघं, ओझं असेल तर एकटं. शाळेत जाताना आम्ही काठावर रांग लावून थांबायचो. कुणाला त्याचा कंटाळा यायचा नाही, कारण पलीकडे जायचा तोच रस्ता होता.

२००३ च्या गणपतीत माझा चुलतभाऊ मुंबईहून आला. त्याला आम्ही सगळे दादाच म्हणतो. तो बांधकामाच्या साइटवर सुपरवायझर होता. सोबत सहा मित्र. साकव बघून मंडळी हरखून गेली. तेव्हा कॅमेऱ्याचे मोबाइल कुणाकडे नव्हते, पण एकाकडे रोलचा कॅमेरा होता. एकाने काठावरून फोटो काढायचे, बाकीच्या सहा जणांनी मधोमध उभं राहून एका लयीत साकव डोलवायचा, असं ठरलं. मी काठावर होते. “दादा, एका वेळी दोघंच,” असं मी दोनदा सांगितलं. “अगं, काही होत नाही,” म्हणाला.

पलीकडच्या काठावर शेजारच्या काकी दुधाची किटली घेऊन उभ्या होत्या. त्या आधी थांबल्या. मग ही पोरं काही हटत नाहीत हे बघून “थांबा रे बाबांनो, मला जाऊ द्या,” म्हणत साकवावर चढल्या. त्या चार पावलं आल्या असतील. साकवाने एक मोठा झोका खाल्ला, सहाही जण एकदम मेसेवर रेलले आणि मेस फाटली. आवाज आधी आला, बाकीचं नंतर दिसलं. दादाचे दोन मित्र कमरेएवढ्या पाण्यात पडले आणि हसत उठले. काकी काठाजवळच्या खडकावर पडल्या. मनगटाचं हाड मोडलं. पुढे भात कापणीला त्यांच्या घरात एक हात कमी पडला.

त्या संध्याकाळी आरती झाल्यावर, सगळे खळ्यात बसलेले असताना, दादा बाबांना म्हणाला, “काका, साकव कच्चा होता तुमचा. केवढा हलत होता! इंजिनीअरने बांधलेला असता तर असं झालं नसतं.” बाबा काही बोलले नाहीत. उठून गोठ्यात गेले. पुढच्या वर्षी साकव घालायला गेलेच नाहीत, त्यानंतरही कधी नाही. दुसऱ्यांनी घातला.

तेव्हा दादाला उत्तर द्यायला मला शब्द सुचले नव्हते. आता देते.

लाकडाचा साकव असो की तारांवरचा झुलता पूल, तो थोडा हलणारच. भार आला की लवतो, भार गेला की जागेवर येतो. हा त्याचा दोष नाही. घात होतो तो माणसं एका लयीत हलवायला लागली की. झोपाळ्याला नेमक्या वेळी हलका धक्का देत राहिलं की झोका वाढत जातो ना, तसंच पुलाचं होतं. १८५० साली फ्रान्समधल्या आँजे गावी वादळी वाऱ्यात झुलत्या पुलावरून सैनिकांची पलटण जात होती. पूल कोसळला आणि दोनशेहून जास्त माणसं गेली. पुलावरून जाताना सैनिकांनी कवायतीची पावलं टाकायची नाहीत, हा नियम अशाच अपघातांमुळे पक्का झाला. दादाचे मित्र नेमकं तेच करत होते, हौसेने.

आणि इंजिनीअरचं म्हणशील तर गुजरातमधल्या मोरबीचा झुलता पूल काही वाडीतल्या माणसांनी घातलेला नव्हता. लोखंडी तारांचा, १९ व्या शतकातला. ३० ऑक्टोबर २०२२ ला पडला, १३५ माणसं गेली. चौकशीत काय निघालं? एका मुख्य दोराच्या ४९ तारांपैकी २२ आधीच गंजलेल्या होत्या. जुन्या लाकडी फळ्या काढून अॅल्युमिनियमचा तळ बसवल्याने पुलाचं वजन वाढलं होतं आणि लवचीकपणा कमी झाला होता. त्यावर एका वेळी शेकड्यांनी माणसं सोडलेली. आपल्या पुण्याजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल १५ जून २०२५ ला पडला, चार जण गेले. तिथेही पर्यटकांचीच गर्दी. दोन्ही दिवस रविवार होते. मुलांना न्यायचं असेल तर रविवार सोडून कुठलाही वार निवडा, हा माझा पहिला सल्ला.

आता कुठे जायचं ते. कोकणात लाकडी साकव बघायला म्हणून येऊ नका, बहुतेक ठिकाणी सिमेंटचे झालेत. मला विचाराल तर मेघालयात नाँगरियाटला जा. मी आणि माझे मिस्टर फेब्रुवारी २०२३ मध्ये गेलो होतो. तिरना गावातून तीन हजारांहून जास्त पायऱ्या उतरायच्या, वाटेत तारांचे झुलते पूल लागतात आणि शेवटी दुमजली मूळपूल. रबराच्या वडाची जिवंत मुळं ओढ्यावरून पलीकडे नेऊन केलेला. आणि ती मुळं पलीकडे न्यायला खासी लोक काय वापरतात माहीत आहे? पोकळ केलेली पोफळीची खोडं. मुळं त्या पन्हाळीतून सरकत पलीकडच्या मातीत रुजतात. हे ऐकलं तेव्हा मी तिथल्या दगडावर बसून राहिले. कुठे आमचा पऱ्या, कुठे ते जंगल, आणि दोन्हीकडच्या माणसांनी पोफळीवरच भरवसा टाकलेला. फरक एवढाच की आमचा साकव वर्षभरात कुजायचा आणि त्यांचा पूल उभा राहायला पंधरा-वीस वर्षं, कधी त्याहून जास्त लागतात, पण नंतर तो दर वर्षी भक्कमच होत जातो. या मूळपुलांचं नाव २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेलंय.

तारांच्या एका पुलावर आमच्या पुढे कॉलेजची पोरं फोटो काढत उभी होती. पलीकडे एक बाई कपाळाला पट्टा लावून पाठीवर ओझ्याची टोपली घेऊन थांबली होती. मला एकदम काकीच दिसल्या. पोरांना बाजूला केलं, हिंदीत जरा जोरातच बोलले. बाई निघून गेली, माझ्याकडे बघितलंही नाही. तिला वेळ नव्हता. मिस्टर म्हणाले, “कशाला एवढी चिडतेस?” त्यांना साकवाची गोष्ट त्या दिवशी पहिल्यांदा सांगितली.

तुमच्या मुलांना एवढ्या पायऱ्या चढणं जमणार नसेल (अकरा वर्षांचं चढेल, आठ वर्षांचं परतताना रडेल), तर केरळात पुनलूरला जा. कल्लडा नदीवर १८७७ चा झुलता पूल आहे, लाकडी फळ्यांचा. गाड्या बंद, फक्त चालणाऱ्यांसाठी. मेघालयातलाच रिवाईचा मूळपूल मॉलिनाँगच्या जवळ आहे, तिथे चालणंही फार नाही. ऋषिकेशचा जुना लक्ष्मणझुला २०१९ मध्ये धोकादायक ठरवला आणि पुढे बंद केला, तेव्हा त्याच्या भरवशावर बेत आखू नका.

आणि कुठेही गेलात तरी आधी दोन मिनिटं काठावर थांबा. गावातली माणसं कशी जातात ते बघा. ती एकेकटी जात असतील तर तुम्हीही एकेकटेच जा. पूल शेवटचा कधी आवळला, कधी दुरुस्त केला ते विचारा. फळी हिरवी, बुळबुळीत दिसली तर परत फिरा, मुलं कितीही रुसली तरी.

दोन गोष्टी राहिल्या. सिमेंटचा साकव वाईट, असं मला म्हणायचं नाही. आमच्या पऱ्यावर २०११ मध्ये झाला आणि आता वाडीतल्या पोटुशी बाईला डोलीतून न्यावं लागत नाही. जुना साकव परत यावा असं मला मुळीच वाटत नाही.

दुसरी गोष्ट मी घरात कधी बोललेले नाही. वाक पावसात भिजून सैल पडतो, म्हणून श्रावणात बाबा सगळ्या गाठी पुन्हा आवळायचे. त्या वर्षी ते पंधरा दिवस तापाने पडून होते आणि आवळणी राहून गेली होती. दोघं जाण्याइतका साकव तेव्हाही धड होता, काकी रोज दूध घेऊन त्यावरूनच येत होत्या. पण तो नेहमीपेक्षा जास्त हलत होता हे खरं आहे. दादाला ते दिसलं असेल. बाबांनाही ठाऊक होतं, म्हणून ते उठून गोठ्यात गेले.

पण दादा, गाठ सुटली नव्हती. खोडंही मोडली नव्हती. मोडली ती मेस, आणि ती त्याच मे महिन्यात तोडलेली होती. तिचा फाटलेला तुकडा मी दुसऱ्या दिवशी पऱ्यातून काढून आणला, तो अजून पडवीत आढ्याला अडकवलेला आहे. कीड नाही, कूज नाही, उभी चीर गेलीय. यंदा गणपतीला येशील तेव्हा खाली काढून देते, हातात घेऊन बघ. बाबा आता ७८ वर्षांचे आहेत, पडवीतच बसलेले असतात.