‘हे अंशतः खरे आहे’ म्हणजे नेमकं काय हो?

पावसाळी अधिवेशन लागलं की ह्या सदराची पत्रं डबल होतात. कारण उघड आहे, मासेमारी बंदीमुळे होड्या शाकारून किनाऱ्यावर, आंबा संपलेला, लावणीची घाई ओसरलेली, बाहेर धो धो आणि हातात मोबाईल, मग लोक विधानसभेचं लाइव्ह लावून बसतात आणि त्यातलं जे कळत नाही ते आम्हाला विचारतात. मी पत्रकार गॅलरीत पंधराएक वर्षं काढली, आता वेंगुर्ल्यात असतो, त्यामुळे संपादकबाईंनी अख्खा गठ्ठा माझ्याकडे सरकवला. सगळ्यांना पुरं पडणं शक्य नाही, जमतील तेवढी घेतो.

प्रश्न : सकाळी बघितलंय तर सगळे बोंब मारतत, दुपारी बघतंय तर अर्धी बाकडी रिकामी, आणि तो मधलो माणूस भराभरा काय तरी वाचता आणि सांगता ‘संमत झाले’. कोणी मोजल्यान? ह्यां कायद्यात बसता काय? – होडीमालक, मालवण

बसतं, काका. तुम्ही बघितलंत ते विधेयक होतं. मधला माणूस म्हणजे अध्यक्ष, नाहीतर तालिका अध्यक्ष, अध्यक्ष उठून गेले की ठरलेल्या यादीतला एखादा आमदार त्या खुर्चीत बसतो. तो विचारतो, अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे, प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे, मग दोन्हीकडून आवाज येतो आणि तो म्हणतो ‘होयचे बहुमत’. ह्याला आवाजी मतदान म्हणतात, इथे कोणी मोजत नाही. मोजायचं असेल तर सदस्याने मतविभागणी मागायची, मग घंटा वाजते, दरवाजे बंद होतात आणि शिरगणती होते. जुलै २०२२ मध्ये विश्वासदर्शक ठरावाच्या वेळी एकेक आमदार उभा राहून आकडा म्हणत होता ना, १६४ विरुद्ध ९९, तीच ती. साध्या विधेयकाला मात्र कोणी मागत नाही, निकाल आधीच माहीत असतो.

रिकाम्या बाकड्यांचं म्हणाल तर घटनेच्या कलम १८९ प्रमाणे एक दशांश सदस्य हजर लागतात, २८८ चे दशांश म्हणजे २९. तेवढे नसतील तर कोणीतरी उठून ते दाखवून द्यायचं, मग पुन्हा घंटा, मग कॅन्टीनमधले, लॉबीतले, फोनवर बोलणारे सगळे धावत आत. कोणी दाखवूनच दिलं नाही तर काम चालू राहतं. विरोधकही बऱ्याचदा गप्प बसतात कारण त्यांचीही बाकडी रिकामीच असतात, असो.

‘खंड २ ते ९ विधेयकाचा भाग झाले’ हे जे वाक्य सटकन गेलं तिथे खरा कायदा होतो, काका, खंड म्हणजे विधेयकातलं एकेक कलम. विधेयक आधी मांडलं जातं, मग त्याच्या तत्त्वावर बोलायचं, मग एकेक खंड घ्यायचा, दुरुस्त्या सुचवायच्या, आणि शेवटी पुन्हा एकदा मत. कागदावर हे सगळं आहे. प्रत्यक्षात विरोधक सभात्याग करून बाहेर पायऱ्यांवर असले की आत पाच मिनिटांत तीन विधेयकं गेलेली मी ह्या डोळ्यांनी बघितली आहेत आणि मला त्या गोंधळापेक्षा ह्या शांततेचा राग जास्त येतो. तुमचं जाळं, मशीन, एलईडीच्या बोटी हे सगळं ज्या कायद्यात आहे तो महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ चा, २०२१ साली त्यात दुरुस्ती झाली. असं विधेयक ज्या दिवशी येणार त्याच्या आधी आपल्या आमदाराला गाठायचं आणि विचारायचं, खंड वाचलेत का. सकाळची बोंब राहू दे.

प्रश्न : आमच्या वाडीच्या साकवाबद्दल तारांकित प्रश्न लागला म्हणून कळलं, आनंद झाला. उत्तर आलं ‘हे अंशतः खरे आहे’. साकव अंशतः कसा वाहून जातो? – निवृत्त शिक्षिका, लांजा तालुका

बाई, तुमचं पत्र वाचून मी एकटाच हसत बसलो, आणि मग हसू गेलं. ज्यांनी हा कागद बघितलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो, साकव म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल, आणि प्रश्नाचा साचा ठरलेला असतो. ‘(१) अमुक वाडीचा साकव अतिवृष्टीत वाहून गेल्याचे निदर्शनास आले, हे खरे आहे काय, (२) असल्यास, सदर साकवाच्या दुरुस्तीबाबत शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, (३) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ आणि खाली उत्तर, ‘(१) हे अंशतः खरे आहे. (२) प्रस्ताव प्राप्त झाला असून तपासण्यात येत आहे. (३) प्रश्न उद्भवत नाही.’ तो तिसऱ्यातला ‘प्रश्न उद्भवत नाही’ वाचला की ज्याच्या पोराला कंबरभर पाण्यातून शाळेत न्यावं लागतं त्याला काय वाटत असेल.

आता हे ‘अंशतः’ येतं कुठून? मंत्री बसून उत्तर लिहीत नाहीत. प्रश्न विधानभवनातून मंत्रालयात विभागाकडे जातो, तिथून जिल्ह्याला, जिल्ह्यातून तालुक्याला, आणि अधिवेशनाच्या दिवसांत तुम्ही जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात गेलात तर एकच वाक्य कानावर पडेल, ‘तारांकित आहे, संध्याकाळपर्यंत माहिती पाठवा’. तिथला अभियंता फाइल काढतो, साकव वाहून गेला असं लिहिलं तर ‘तू काय करत होतास’ असं विचारलं जाणार, नाही गेला म्हटलं तर हक्कभंगाची भीती, सभागृहाला चुकीची माहिती दिली म्हणून. मग तो लिहितो, कठडा आणि एका बाजूचा भराव वाहून गेलेला आहे, स्लॅब शाबूत आहे. हे वर जाता जाता ‘अंशतः’ होतं. स्लॅब शाबूत आहे पण त्याच्यावर चढायचं कसं, ते कोणी विचारलेलंच नसतं. म्हणजे शब्द खोटा नाही बरं का, साकवच तसा आहे.

दुसरी गोष्ट, तुमचा प्रश्न सभागृहात बोलला गेला का? प्रश्नोत्तराचा तास खरंच एका तासाचा, त्यात तोंडी चर्चेला मोजकेच प्रश्न येतात, बाकीच्यांची लेखी उत्तरं पटलावर ठेवली जातात. ताऱ्याचा फायदा तोंडी आला तरच, कारण मग उपप्रश्न विचारता येतो, ‘मंत्रिमहोदय, चढायचं कसं?’ असा. तारा नसलेल्या म्हणजे अतारांकित प्रश्नाला फक्त लेखी उत्तर. तुमच्या आमदारांच्या नावाखाली आणखी आठ नावं आहेत म्हणून तुम्ही वैतागलात, ते साधं आहे, सारख्या विषयाचे प्रश्न एकत्र करतात.

आणि एक करा. मंत्री उभे राहून ‘तीन महिन्यांत काम करून घेऊ’ असं काही बोलले असतील तर तारखेसकट वहीत लिहून ठेवा. सभागृहात दिलेलं आश्वासन पाळलं की नाही ते बघायला विधानमंडळाची आश्वासन समिती आहे. भाषणात, उद्घाटनात दिलेलं आश्वासन तिथे चालत नाही, सभागृहातलंच लागतं. आमदारांना पत्र देताना त्या तारखेचा उल्लेख करा, नुसतं ‘साकव कधी’ असं लिहू नका.

प्रश्न : सभापती आणि अध्यक्ष एकच ना? – अलिबाग

नाही. विधानसभेत अध्यक्ष, विधानपरिषदेत सभापती. बातम्यांत रोज चुकतं. परिषद ७८ जणांची, त्यातच आपले कोकण विभागाचे पदवीधर आणि शिक्षक आमदार बसतात. साधं विधेयक परिषदेने अडवलं तर आधी तीन महिने आणि दुसऱ्या खेपेला एक महिना, त्यापुढे विधानसभेचंच चालतं. पैशाच्या विधेयकाला फक्त १४ दिवस.

प्रश्न : शुक्रवारी ‘अशासकीय कामकाज’ असतं त्यातून कधी कायदा होतो का? की नुसता टाइमपास? – विधी शाखेचा विद्यार्थी, खेड

जवळजवळ नाहीच होत. मंत्री नसलेल्या आमदाराने आणलेलं ते अशासकीय विधेयक, शेवटी मंत्री म्हणतात सरकार विचार करेल, मागे घ्या, आणि घेतलं जातं. संसदेत तर १९७० नंतर एकही अशासकीय विधेयक कायदा झालेलं नाही.

पण टाइमपास हा शब्द खेडच्या पोराने वापरावा? घरी पणजोबांच्या जमिनीचे कागद असतील तर काढ, त्यात खोत सापडेल, म्हणजे गावाचा सारा वसूल करणारा कोकणातला जमीनदार. १७ सप्टेंबर १९३७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधानसभेत खोती रद्द करायचं विधेयक मांडलं, तेव्हा ते सरकारात नव्हते, स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते होते, म्हणजे तुझ्या भाषेत हा शुक्रवारचाच माल. जानेवारी १९३८ मध्ये ह्याच मागणीसाठी शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. विधेयक तेव्हा काही पास झालं नाही. खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने, बारा वर्षांनी. पण विषय सभागृहाच्या छापील कागदावर चढला तो त्या दिवशी.

त्याच्याही आधीचं एक घे. ऑगस्ट १९२३ मध्ये सी. के. बोले ह्यांनी मुंबई कायदे कौन्सिलात ठराव आणला की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात. ठराव पास झाला, महाड नगरपालिकेनेही चवदार तळं खुलं केल्याचं जाहीर केलं, आणि तरी पाण्याला हात लावायची सोय नव्हती. मग २० मार्च १९२७ चा चवदार तळ्याचा सत्याग्रह. ठराव म्हणजे शिफारस, कायद्याचं बळ त्याला नसतं, हे परीक्षेत लिहिशीलच. पण महाडला जमलेल्या लोकांच्या हातात तो ठराव होता, आम्ही नवीन काही मागत नाही, तुमच्याच कागदात लिहिलंय ते करतोय, असं त्यांना म्हणता आलं. महाड तुमच्याकडून घाट उतरलं की आलं, एकदा जाऊन ये.

प्रश्न : आंब्याच्या नुकसानभरपाईवर लक्षवेधी लागली होती, रात्री उशिरापर्यंत जागलो, लागलीच नाही. – बागायतदार, देवगड

लक्षवेधी म्हणजे तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी आमदाराची सूचना. ‘लागली’ म्हणजे त्या दिवसाच्या कामकाजात छापली गेली, घेतली गेली असं नाही. नियम १०५ खाली ही सूचना द्यायची, मंत्र्यांचं निवेदन आधी वाटलं जातं, मग आमदार प्रश्न विचारतात. हल्ली एकेका दिवसाला इतक्या लक्षवेधी ठेवतात की खास सकाळच्या बैठका लावाव्या लागतात आणि तरी राहतात. राहिली ती पुढे ढकलली की नाही ते दुसऱ्या दिवशीच्या कामकाजपत्रिकेत बघा, रात्र जागू नका. आणि नियम २९३ ची, म्हणजे सार्वजनिक विषयांवरची मोठी चर्चा ऐकलीत तर त्यात आंबा, काजू, नुकसान सगळंच येतं पण उत्तर एकत्रित असतं, तुमच्या तालुक्याच्या वाट्याला अर्धं वाक्य.

प्रश्न : आम्हा बचतगटाच्या बायकांना अधिवेशन बघायला जायचंय, सोडतात का? – गुहागर

सोडतात. आमदारांच्या शिफारशीने प्रेक्षक गॅलरीचा पास मिळतो, ओळखपत्र न्या, मोबाईल आणि पिशव्या बाहेर ठेवाव्या लागतात. वर बसल्यावर टाळ्या नाहीत, घोषणा नाहीत, कठड्यावर रेलायचं नाही. डिसेंबरचं अधिवेशन नागपूरला असतं, १९५३ च्या नागपूर कराराप्रमाणे, तेव्हा पावसाळी नाहीतर अर्थसंकल्पी बघा, मुंबईला. पहिल्या दिवशी जाऊ नका, शोकप्रस्ताव होतो आणि बहुतेक लगेच तहकूब.

मी एकदा आचऱ्याच्या मामाला घेऊन गेलो होतो. त्यांच्या खारबंधाऱ्याचा प्रश्न होता त्या दिवशी, म्हणून धुतलेलं धोतर, कोट, छत्री असे आले. बरोबर अकराला बसले, पुढे सरकून कठड्यावर कोपर टेकलं तर मार्शलने येऊन हळूच खांद्याला हात लावला. तास संपला, बंधारा काही आला नाही, यादीत खाली होता. मामा मला कुजबुजत विचारतायत, ‘आमचां कधी?’ खाली आल्यावर मी त्यांना छापील यादीतलं उत्तर दाखवलं, त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि विचारलं, ‘ह्यां आमच्या बंधाऱ्याचां नाव बरोबर लिवलंहा, म्हणजे हेंका म्हायत आसा तर!’ कागद घडी करून कोटाच्या आतल्या खिशात गेला. गेटवर छत्री घ्यायला गेलो तर त्यांची गायब, दुसऱ्या कुणाचीतरी उरलेली. मामांनी ती उघडून बघितली, आपल्यापेक्षा बरी निघाली, तशीच काखेत मारली.