बाबांच्या मानेच्या नसेत ५५ टक्के ब्लॉकेज निघालंय, नॅनोपार्टिकलवाला एमआरआय करून घ्यावा का?

मी एमआरआय टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही, तेवढं धरून वाचा. माझ्या मते त्यासाठी धावपळ करू नका.

डॉपलरमधला (नसेतला रक्तप्रवाह बघणारी सोनोग्राफी) ५५ टक्के आकडा नस किती अरुंद झालीय ते सांगतो. आतला चरबीचा थर, म्हणजे प्लाक, शांत आहे की सुजलेला, ते त्यातून नीट कळत नाही, आणि खरी भीती सुजलेल्याची, तो फुटला की गुठळी होऊन मेंदूकडे जाते. नॅनोपार्टिकल कामाला येतात ते इथे. आयर्न ऑक्साइडचे साधारण ३० नॅनोमीटरचे कण सलाईनमधून देतात, औषध दिसायला काळपट तपकिरी, आणि सुजलेल्या जागी जमलेल्या मॅक्रोफेज, म्हणजे शरीराच्या सफाई करणाऱ्या पेशी, ते गिळतात. नेहमीचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे फोटो स्पष्ट यावा म्हणून शिरेतून देतात ते औषध, दिला की आम्ही काही मिनिटांत फोटो घेतो, इथे मात्र पेशंटला २४ ते ३६ तासांनी परत बोलवावं लागतं. मग आधीचा आणि नंतरचा फोटो शेजारी लावला की नसेच्या भिंतीत सूज असलेली जागा काळी पडलेली दिसते, कारण लोहामुळे तिथला सिग्नल जातो.

केंब्रिजच्या टीमने २००९ मध्ये यावरच अभ्यास छापला, काही पेशंटना ॲटोरव्हास्टॅटिन ही कोलेस्टेरॉलची गोळी १० मिलिग्रॅम, काहींना ८०, आणि १२ आठवड्यांत ८० वाल्यांची सूज स्कॅनवर कमी झालेली दिसली. मला हे फार मोलाचं वाटतं, गोळीचा परिणाम नसेच्या भिंतीत डोळ्यांनी दिसला! (म्हणून बाबांचा डोस स्वतःहून वाढवू नका हां.) पण पोटातल्या महाधमनीच्या फुगवट्यावर स्कॉटलंडमध्ये ३४२ पेशंटवर हेच वापरलं तेव्हा फुगवट्याच्या मापावरून कळतं त्याहून जास्त काही भाकीत करता आलं नाही. शिवाय अशा लोहकणांचं एक औषध, फेरुमॉक्सिटॉल, मुळात किडनीच्या पेशंटच्या ॲनिमियासाठी २००९ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, आणि जीवघेण्या ॲलर्जीमुळे २०१५ मध्ये त्यावर तिथली सगळ्यात कडक वॉर्निंग आली. रोजच्या तपासणीत म्हणून हे अजून नाहीये.

त्यापेक्षा आजच बाबांना शेजारी बसवून विचारा, गेल्या सहा महिन्यांत एका डोळ्यापुढे थोडा वेळ अंधार आला होता का, एका बाजूचा हात लुळा पडला होता का, बोलताना जीभ अडखळली होती का. दहा मिनिटांत बरं वाटलं म्हणून माणसं घरी सांगतच नाहीत. हो म्हणाले तर आजच न्यूरोलॉजिस्टकडे न्या, कारण ५५ टक्क्यांवर ऑपरेशन करायचं की नाही हे बरंचसं त्या उत्तरावर ठरतं.