स्पर्शातून प्रभार किती जातो : विचार विभवापासून सुरू करावा

दोन वाहक (धातूसारख्या, ज्यांतून वीज सहज वाहते अशा वस्तू) एकमेकांना टेकवले की त्यांच्यावरील विद्युत प्रभार निम्मा-निम्मा वाटला जातो, असे आपण सहसा गृहीत धरतो; ते सारख्या मापाच्या गोलांबाबत खरे आहे, पण सर्वच वाहकांबाबत नाही. प्रभाराचे वहन दोन्ही वाहकांचे विभव (एकक प्रभारामागची विद्युत स्थितिज ऊर्जा, जी व्होल्टमध्ये मोजतात) समान होईपर्यंत चालते, प्रभार समान होईपर्यंत नव्हे, आणि धातूंमध्ये सरकतात ते इलेक्ट्रॉनच, मग मूळ प्रभार धन असो वा ऋण.

१० सेंमी त्रिज्येच्या गोलावर ८ नॅनोकूलोम (कूलोम हे प्रभाराचे एकक; नॅनो म्हणजे त्याचा एक अब्जांश) प्रभार आहे आणि दूर ठेवलेला ३० सेंमी त्रिज्येचा प्रभारहीन गोल त्याला बारीक तारेने जोडला, असे समजा. प्रभार त्रिज्यांच्या प्रमाणात वाटला जाऊन लहान गोलावर २ आणि मोठ्यावर ६ नॅनोकूलोम उरतो. लहान गोलाचे विभव सुमारे ७२० व्होल्टवरून १८० व्होल्टवर येते आणि मोठ्याचेही तेवढेच होते. एकूण प्रभार कायम राहिला तरी साठलेल्या ऊर्जेचा तीन चतुर्थांश भाग उष्णता, ठिणगी आणि प्रारण यांत खर्च होतो, ही गोष्ट पाठ्यपुस्तके फार घाईने उरकतात. असमान गोल प्रत्यक्ष टेकवल्यास मात्र त्रिज्यांचे हे साधे प्रमाण अचूक राहत नाही, कारण जवळच्या प्रभारांचा परस्परांवर परिणाम होतो.

यानंतर फॅरेडे यांचा १८४३ मधील बर्फाच्या बादलीचा प्रयोग अवश्य अभ्यासावा : प्रभारित गोळा पोकळ वाहकाला, म्हणजे इथे धातूच्या बादलीला, आतून टेकवला, की त्याचा जवळजवळ सर्व प्रभार बादलीच्या बाहेरील पृष्ठभागावर जातो.